कण्याचा बाक : दोष दप्तराचा नाही

युनिफॉर्मचं माप घेताना शिंपी म्हणतो, "हिचा एक खांदा वर आहे," आणि घरात खापर फोडायला सुरुवात होते. जड दप्तर, मोबाइल, वाकडं बसणं आणि शेवटी आई. यातल्या कुणामुळेही हा बाक येत नाही.

कणा बाजूला वळतो त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. शाळकरी वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो आणि बहुतेकांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, म्हणून एकाला आढळला तर भावंडांच्या पाठीही तपासून घ्याव्यात. जड दप्तराने पाठ दुखते, हे खरं. पण या विकारात मणके बाजूला झुकतात आणि स्वतःभोवती पिळलेही जातात. ते ओझ्याने होत नाही. या पिळामुळेच मूल पुढे वाकलं की बरगड्यांची एक बाजू उंच दिसते. घरी एवढं जरूर पाहा : पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून मुलाला वाकायला सांगा आणि मागून पाठ निरखा. निदान मात्र उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरच होतं; बाकाचा कोन किमान 10 अंश असावा लागतो.

"वयाबरोबर सरळ होईल" हा समज सर्वांत महागात पडतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाकही वाढतो. मुलींच्या बाबतीत तो काळ बहुधा पाळी सुरू होण्याच्या थोडा आधीचा, आणि मोठे बाक मुलींमध्येच कितीतरी जास्त आढळतात. नेमकी हीच वर्षं मालिश करण्यात आणि 'मणके बसवून' घेण्यात जातात, याचं फार वाईट वाटतं. योगासनं, पोहणं जरूर करावं. पण वाढता बाक थोपवायला तेवढं पुरत नाही.

कोन साधारण 25 ते 40 अंश आणि वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, देतात. तो कणा सरळ करण्यासाठी नसतो, बाक वाढू नये म्हणून असतो. अमेरिका-कॅनडातल्या 2013च्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. रोज तेरा तासांहून जास्त घालणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. उकाड्यात, वर्गातल्या नजरा झेलत इतके तास तो घालणं सोपं नाही. तिथे घरच्यांनी रागवू नये, साथ द्यावी.

या वयात बाक सहसा फारसा दुखत नाही. झोपमोड करणारी वेदना किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावं. 45-50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिने पाय लुळे पडतात ही भीती मोठी, पण तसं फार क्वचित होतं; शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूवर यंत्राने लक्ष ठेवता येतं.

लग्न जमवताना ही गोष्ट दडवली जाते. त्याची गरज नाही. बहुतेक स्त्रियांचं गरोदरपण आणि बाळंतपण नेहमीसारखंच पार पडतं. शस्त्रक्रियेत पाठीत सळ्या बसवल्या असतील, तर कण्यातून भूल देण्याविषयी भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावं.