हायवे म्हटलं म्हणून रस्ता हायवेवाल्यांचा होत नाही

सोलापुरात विजापूर रोडवर सैफुल चौकाच्या अलीकडे, चहाच्या टपरीसमोर या पावसाळ्यात एक खड्डा पडला. आधी तळहाताएवढा होता, पंधरा दिवसांत परातीएवढा झाला. कडेचं डांबर सुटून खडी मोकळी पडली होती. मागे कुणीतरी टाकलेला मुरूम धुऊन गेला होता आणि तळाशी काळी माती दिसायला लागली होती. एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघालेल्या बाईंची स्कूटर त्यात आदळली. दोघी पडल्या, सुदैवानं खरचटण्यावर निभावलं. टपरीवरच्यांनी स्कूटर उचलली, पाणी दिलं आणि लगेच वाद सुरू झाला.

एक जण म्हणाला, "महापालिका झोपलीय." दुसऱ्यानं त्याला तोडलं, "हायवे आहे की ओ हा, महापालिकेचा काय संबंध? हायवेवाल्यांना विचारा." सगळ्यांनी माना हलवल्या आणि विषय संपला. तक्रार कुणीच केली नाही.

हे दुसरं वाक्य मी जुळे सोलापुरात इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याचा राग येतो. ते बोलणारा चांगला माणूस असतो, पण त्या एका वाक्यानं खड्ड्याला आणखी एक पावसाळा मिळतो.

गैरसमज: लोक ज्याला हायवे म्हणतात, तो रस्ता हायवेवाल्यांचा. महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: रस्ता कुणाचा हे ना त्याच्या रुंदीवरून ठरतं, ना त्यावरच्या ट्रकांवरून, ना लोकांच्या तोंडी बसलेल्या नावावरून. ते कागदावर ठरतं. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढतं, तेव्हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग होतो. तो कुठून सुरू होतो, कोणकोणत्या गावांवरून जातो आणि कुठे संपतो, हे त्या अधिसूचनेत लिहिलेलं असतं. अशीच अधिसूचना काढून रस्ता यादीतून वगळताही येतो. याच कायद्याच्या 5 व्या कलमाप्रमाणे राष्ट्रीय महामार्ग सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी केंद्राची आहे. मात्र केंद्र ते काम राज्य सरकारकडे किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवू शकतं. म्हणजे मालक एक आणि सांभाळणारा दुसरा, ही सोय कायद्यातच आहे.

आता आपला विजापूर रोड घ्या. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'तेरा नंबर'च आहे. 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले. सोलापूर-विजापूर हा 13 क्रमांकाचा रस्ता 52 क्रमांकाच्या महामार्गात आला. पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा तो लांबलचक रस्ता. पुणे-हैदराबाद रस्ता 9 चा 65 झाला. पाट्या बदलल्या, पण बोलण्यातला हायवे तोच राहिला.

त्यानंतर केगावहून हत्तूरकडे जाणारा बायपास झाला आणि जड वाहतूक शहराबाहेरून वळवता आली. खरा घोळ इथूनच सुरू होतो, तो नीट समजून घ्या. बायपास झाला की महामार्ग तिकडे सरकतो आणि शहरातला जुना तुकडा मागे राहतो. तो आपोआप महापालिकेचा होत नाही, आणि कायमचा केंद्राकडेही ठेवला जात नाही. केंद्राचं धोरण असं, की जुन्या तुकड्याची एकदा चांगली दुरुस्ती करायची किंवा तिचा खर्च द्यायचा आणि मग तो राज्याकडे वर्ग करायचा. पुढे राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं तो स्वतःकडे ठेवतं किंवा महापालिकेकडे देतं. या प्रत्येक पायरीला पत्र असतं, आदेश असतो, आणि कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत हे त्यात लिहिलेलं असतं. एका पायरीवरून दुसरीवर जायला वर्षं लागली, तर त्या काळात जुना मालक खर्च टाळतो आणि नव्याला ताबा नको असतो. मधला रस्ता पोरका होतो. शहराच्या तोंडाशीच रस्ते खराब का असतात, असं लोक विचारतात. त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मालकी कागदावर ठरते यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी 2017 साल आठवावं. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये दिला आणि एप्रिल 2017 पासून त्याचा फटका बसायला लागला. त्याबरोबर दारूची दुकानं वाचवायला अनेक राज्यांत शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जा काढून ते स्थानिक संस्थांकडे देण्याची घाई झाली. महाराष्ट्रातही अशा हालचाली झाल्या. जुलै 2017 मध्ये न्यायालयानं शहरहद्दीपुरता खुलासा केला आणि घाई ओसरली. या सगळ्यात रस्त्यावरचा एक दगडही हलला नव्हता, तरी कागदावर मालक बदलत होता. ज्या नगरपालिकेकडे असा रस्ता येतो, तिच्याकडे त्याचे खड्डेही येतात. ते बुजवायचा पैसा सोबत येईलच असं नाही.

आता याच गैरसमजाची दुसरी बाजू. रस्ता महामार्गाचा निघाला, म्हणजे महापालिका मोकळी झाली का? नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं 63 वं कलम महापालिकेची बंधनकारक कामं सांगतं. सार्वजनिक रस्ते, गटारं, दिवाबत्ती, सफाई ही सगळी त्यात आहेत. सरकारच्या मालकीचा रस्ता वेगळा धरला, तरी त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या शहराचं सांडपाणी, नळाचं पाणी आणि कचरा महापालिकेकडेच राहतो.

टपरीसमोरचा तो खड्डा मी वाकून नीट पाहिला. दहा पावलांवर गटार तुंबलेलं होतं आणि पाणी कडेनं येऊन डांबराखाली शिरत होतं. डांबराचा खरा शत्रू पाणीच. खडीला धरून ठेवणारा डांबराचा थर पाण्यानं सुटतो. खाली आपली काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरच्या थराला भेगा पडतात. पृष्ठभाग एका यंत्रणेचा, गटार दुसरीचं, खालून गेलेली पाइपलाइन तिसऱ्या खात्याची. पाइपसाठी खोदायचं असेल, तर रस्त्याच्या मालकाची परवानगी घेऊन चर पूर्ववत करण्याचे पैसे भरावे लागतात. चर नुसत्या मातीनं भरला, तर पहिल्या पावसात तो खचणारच. अशा ठिकाणी एकाच यंत्रणेनं डांबर ओतून खड्डा बुजत नाही. गटार वाहतं झालं नाही, तर महिन्याभरात तो पुन्हा तिथेच उघडतो.

शहरातले नियोजित उड्डाणपूलही असेच. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन पुलांचं बांधकाम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि भूसंपादन महापालिकेकडे, अशी विभागणी झाली. एक काम आणि दोन यंत्रणा. एकीचं अडलं की दुसरीचंही थांबतं.

इथे कार्यालयांनाही स्पष्ट सांगायला हवं. आमच्या भागातला एक तरुण अशाच एका खड्ड्याचा फोटो घेऊन तीन कार्यालयांत गेला. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतं, हे एकानंही सांगितलं नाही. हे उत्तर अर्धवट आहे आणि ते ऐकून परत फिरण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 6(3) प्रमाणे विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवणं त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्जदाराला तसं कळवावंही लागतं. दहा रुपयांच्या अर्जात एवढंच विचारा: या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंतचा रस्ता आज कुणाच्या ताब्यात आहे? ताब्याच्या आदेशाची प्रत द्या.

न्यायालयांनीही हे ढकलाढकलीचं उत्तर मान्य केलेलं नाही. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयानं भरपाईचे आकडेच ठरवून दिले. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर 6 लाख रुपये आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख. ही भरपाई संबंधित यंत्रणेनं द्यायची, म्हणजे कोणत्या यंत्रणेनं हा प्रश्न तिथेही आलाच. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं 198-अ हे कलम रस्त्याच्या निकषांत कसूर करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला 1 लाखापर्यंत दंड ठेवतं. मात्र त्यासाठी त्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलेलं असावं लागतं. मालक कोण हे माहीत नसेल, तर यातली एकही तरतूद तुमच्या कामाची नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"राष्ट्रीय महामार्ग म्हणजे प्राधिकरण." सगळे नाहीत. प्राधिकरणाचा कायदा 1988 चा, प्रत्यक्ष काम 1995 पासून. अनेक राष्ट्रीय महामार्ग आजही सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग केंद्राच्या पैशातून सांभाळतो.

"बाकीचे सगळे रस्ते बांधकाम खात्याचे." राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, शहरातले अंतर्गत रस्ते महापालिकेकडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचे.

"सावळेश्वरला टोल भरतो, मग आमच्या कॉलनीचा रस्ता असा का?" टोल त्या ठरावीक टप्प्याचा असतो. खासगी कंपनीनं पैसे घालून रस्ता बांधला असेल, तर टोल तिला मिळतो आणि तो टप्पा सांभाळणं करारानं तिच्यावर असतं. तुमच्या कॉलनीत त्यातला रुपयाही येत नाही. पण टोलच्या टप्प्यातच खड्डा असेल, तर तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

"रोड टॅक्स महापालिकेला मिळतो." मिळत नाही. मोटार वाहन कर राज्याचा आहे आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते उपकर केंद्राचा.

"ठेकेदार बिल घेऊन गेला, आता काही होत नाही." होतं. करारात दोषदायित्व कालावधी असतो आणि त्या मुदतीत बिघडलेलं काम ठेकेदारानं स्वखर्चानं करून द्यायचं असतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ही मुदत 5 वर्षांची आहे. कामाच्या फलकावरची तारीख वाचून ठेवा.

"देखभाल म्हणजे खड्डे बुजवणं." खड्डा हा देखभाल न केल्याचा पुरावा आहे. भेगा वेळेवर भरणं, साइडपट्ट्या आणि गटारं मोकळी ठेवणं आणि साधारण पाच वर्षांनी वरचा थर नव्यानं देणं, ही देखभाल.

"परदेशात सगळे रस्ते एकच खातं बघतं." इंग्लंडमध्येही मोटरवे आणि मुख्य मार्ग 'नॅशनल हायवेज' या सरकारी कंपनीकडे आहेत आणि बाकीचे स्थानिक कौन्सिलांकडे. तिथे ती कंपनी सांभाळते ते रस्ते लांबीनं जेमतेम दोन टक्के, पण वाहतूक एक तृतीयांशाच्या आसपास. आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्ग लांबीनं दोन टक्क्यांच्या घरात आहेत आणि वाहतुकीचा फार मोठा वाटा उचलतात. विभागणी सगळीकडे आहे. ती लोकांना ठाऊक असणं महत्त्वाचं.

"मालक ओळखणं सामान्य माणसाचं काम नाही." सुरुवात तरी सोपी आहे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. पण रस्ता वर्ग झाल्यावर दगड तसाच राहिलेला असू शकतो, म्हणून शेवटचा शब्द आदेशाचा. राष्ट्रीय महामार्गावरच्या तक्रारीसाठी 1033 हा क्रमांक आहे. फोन करताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगा, कारण यंत्रणेच्या नोंदी किलोमीटरनं असतात, टपरीच्या नावानं नसतात.

त्या बाईंनी मुलीच्या गुडघ्यावरची माती झटकली, स्कूटर सुरू केली आणि शाळेची वेळ गाठायला त्या निघून गेल्या. रस्ता कुणाचा हे शोधायला त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि तो असावा अशी अपेक्षाही नको. टपरीवर उभ्या असलेल्या आम्हा सात-आठ जणांकडे मात्र होता. पुढच्या वेळी "हायवे आहे की ओ" म्हणून विषय संपवण्याआधी आमच्यापैकी एकानं तिथेच एक कागद घ्यावा आणि लिहावं: विजापूर रोड, सैफुल चौकाच्या अलीकडचा तुकडा, आज कुणाच्या ताब्यात, कोणत्या आदेशानं, कोणत्या तारखेपासून.