उंदराचें भय आणि मुलाचें मौन

नाशिकच्या आसपासच्या शेतांत दाणे टिपावयास निघालेला उंदीर घुबडाची चाहूल लागतांच कधीं जागच्या जागीं थिजतो, तर कधीं बिळाकडे धूम ठोकतो. पळाला तो चतुर आणि थिजला तो मूढ, असें पाहणारास वाटतें. परंतु हा समज खरा नव्हे.

२०१६ सालीं लंडन येथील संशोधकांनीं उंदरांच्या डोक्यावरील पडद्यावर काळा ठिपका दाखविला. लहानसा ठिपका दूरच्या पक्ष्याप्रमाणें सरकत गेला कीं उंदीर थिजत. ठिपका झपाट्यानें मोठा होऊं लागला कीं ते आडोशाकडे धांवत. कारण उघड आहे. शत्रूची दृष्टि पडली नसेल तर हालचालच घात करिते. झडप येत असेल तर पळण्यावांचून गति नाहीं.

शत्रूच्या वासाची वार्ता मेंदूंतील बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला नामक गांठींतून हायपोथॅलॅमस या भागास पोंचते व तेथून मध्यमेंदूंतील एका करड्या भागास मिळते. त्याची वरची बाजू पळावयास लाविते, खालची थिजविते. १९९७ सालीं ब्राझीलमधील न्यूटन कांतेरास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हायपोथॅलॅमसमधील एक सूक्ष्म केंद्र निकामी केलें, तेव्हां मांजर समोर असूनहि उंदरांची भयचेष्टा बहुतांशीं लोपली. जवळच्या मुंबईंतहि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनें, उंदराच्या गर्भांत अमिग्डालाच्या एका भागाकडे पेशी कोठून प्रवास करीत येतात, हें २००७ सालीं दाखवून दिलें. भयाचें घर बांधावयास जन्मापूर्वींच आरंभ होतो तो असा.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें नाट्यशास्त्रांतील आठ सात्त्विक भाव आठवतील. त्यांत पहिला स्तंभच आहे, स्वरभंगहि आहे. आणि स्तंभाच्या कारणांत भय सांगितलें आहे.

मनुष्याच्या मेंदूंतहि हे भाग आहेत. फळ्यापाशीं उभें केलेलें मूल उत्तर ठाऊक असूनहि मुकें होतें, हें आम्ही अनेक वर्षें वर्गांत पाहिलें आहे. तें मौन हट्टाचेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां तो स्तंभच असतो. अशा वेळीं आवाज चढविणें म्हणजे तो काळा ठिपका आणखी मोठा करणें होय. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला आहे. परंतु तो कायदा घराच्या उंबऱ्याआंत येत नाहीं. तेथें पालकांनींच दोन पावलें मागें सरावें, स्वर उतरवावा आणि थोडी वाट पाहावी. भय ओसरलें म्हणजे बहुधा वाचा फुटते.