साष्टी बेट

मुंबईचा नकाशा समोर ठेवून पाहिल्यास एक नवलाची गोष्ट ध्यानात येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, भाईंदर, इतकेच नव्हे तर ठाणे शहराचा मोठा भाग, ही सर्व ठिकाणे एका बेटावर वसलेली आहेत. या बेटाचे नाव साष्टी. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस माहीमची खाडी, असा त्याला पाण्याचा वेढा आहे. बेटावर पूर्वी सहासष्ट गावे होती. त्या ‘षट्षष्टी’ शब्दावरून साष्टी हे नाव पडले, असे सांगतात. गोव्यातही याच नावाचा एक तालुका आहे.

बेटाच्या मध्यभागी दाट अरण्याने झाकलेले डोंगर आहेत. त्यांत कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी या लेण्यांना दाने दिल्याचे तेथील शिलालेखांत आढळते. पावसाचे पाणी साठविण्यासाठी भिक्षूंनी खडकात टाकी खोदली होती. याच डोंगरांच्या कुशीत विहार व तुळशी हे तलाव पुढे बांधले गेले. डोंगरांच्या पायथ्याशी भातशेती होती, तर खाड्यांच्या काठी मिठागरे, तिवरांची वने आणि कोळ्यांची गावे होती.

अशा सुपीक व मोक्याच्या भूमीवर अनेकांची दृष्टी असणे स्वाभाविक होते. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई व तिच्या आसपासचा हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे वसई येथे होते. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. 1737 साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मुंबईच्या रक्षणासाठी साष्टी आपल्या हाती असावी, असे इंग्रजांना वाटे. त्यांनी 1774 साली ठाणे काबीज केले. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला.

यानंतर पाण्याचे अंतर मिटू लागले. 1845 साली माहीमच्या खाडीवरील रस्ता खुला झाला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली. वस्ती वाढली, तसा कारभारही बदलला. साष्टी प्रथम ठाणे जिल्ह्यात होती. 1920 साली तिच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा झाला. 1950 व 1957 साली मुंबईची हद्द वाढत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. 1990 साली मुंबई उपनगर हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठिकाण वांद्रे हे आहे. बेटाचा उत्तरेकडील व ईशान्येकडील भाग ठाणे जिल्ह्यात आहे. याप्रमाणे आज एका बेटाचा कारभार दोन जिल्ह्यांत वाटला गेला आहे.

परंतु पाणी जिल्ह्यांच्या सीमा जाणत नाही. विहार व पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या काठांवर भराव पडले, वस्त्या उभ्या राहिल्या आणि तिचे पात्र अरुंद झाले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी समुद्राला भरती होती. पाण्याला वाट उरली नाही आणि उपनगरे बुडाली. शेकडो माणसे दगावली.

तेव्हापासून नदीचे पात्र रुंद करण्याचे व तिवरे राखण्याचे महत्त्व लोकांना अधिक पटू लागले. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात व लाटांचा जोर कमी करतात. पूल आणि रस्ते यांनी साष्टी भूमीशी जोडली गेली आहे. तथापि ती आजही बेटच आहे. तिच्या खाड्या मोकळ्या राहतील, तरच तिच्यावरील शहरे सुरक्षित राहतील.