चौऱ्याहत्तर लाख ‘हो’

मे १८४६. उत्तर फ्रान्समधल्या हाम इथल्या किल्ल्यातून एक मजूर खांद्यावर फळी टाकून, पहारेकऱ्यांच्या समोरून सरळ बाहेर पडला. तो मजूर नव्हताच. जन्मठेपेचा कैदी होता: लुई नेपोलियन, मोठ्या नेपोलियनचा पुतण्या. सत्तेसाठी त्यानं १८३६ आणि १८४० मध्ये बंडं केली होती आणि दोन्ही इतकी फसली की लोक हसले.

आता पुढचं ऐका. डिसेंबर १८४८ मध्ये हाच पळालेला कैदी फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. बंदुकीनं नाही, मतपेटीतून!

कसं काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा पळाला आणि मतदार सुमारे अडीच लाखांवरून थेट ९० लाखांच्या घरात गेले. २१ वर्षांवरचा प्रत्येक पुरुष मतदार. (बायकांची आठवण क्रांतिकारकांनाही झाली नाही.) यातले बहुतेक शेतकरी, आणि नव्या सरकारनं पहिला दणका त्यांनाच दिला: प्रत्यक्ष करांवर ४५ टक्के जादा आकारणी. जूनमध्ये पॅरिसचे बेकार कामगार उठले, तर जनरल काव्हेन्याकनं त्यांना तोफांनी चिरडलं. म्हणजे शेतकरी चिडलेला, कामगार दुखावलेला आणि पैसेवाला धास्तावलेला.

अशा वेळी लुई नेपोलियन म्हणजे कोरी पाटी. शेतकऱ्यानं त्यावर काकाचं नाव वाचलं, आणि नावाची जादू मराठी माणसाला काय सांगायची! तुरुंगात बसून त्यानं गरिबी हटवण्यावर पुस्तिका लिहिली होती, म्हणून काही कामगारांना तो आपला वाटला. श्रीमंतांना त्याच्यात शिस्त दिसली. तिएरसारखे मुरब्बी पुढारी म्हणाले, असू दे, हा आपल्या मुठीत राहील. मुरब्बी माणसं ही चूक इतक्या हौसेनं का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याला सुमारे ५४ लाख मतं पडली, एकूण मतांच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. क्रांतीचा लाडका नायक, कवी लामार्तीन याला वीस हजारही मिळाली नाहीत.

राज्यघटनेनं मात्र त्याला बांधून ठेवलं होतं: चार वर्षं, लागोपाठ दुसरी खेप नाही. घटना बदलायला संसदेत तीन चतुर्थांश मतं हवी होती. ती जमली नाहीत.

आणि इथे खरी गंमत आहे. गरिबांच्या मतांना घाबरलेल्या त्याच संसदेनं मे १८५० मध्ये कायदा केला की तीन वर्षं एका जागी राहिलेल्यालाच मत. कामाच्या शोधात गावोगाव फिरणारे सुमारे ३० लाख पुरुष यादीतून उडाले. कायदा आणला होता लुई नेपोलियनच्याच मंत्र्यांनी. पण पुढे तो रद्द करा अशी मागणी त्यानंच केली, आणि संसदेनं ती फेटाळली. झालं! लोकांच्या हक्काचा कैवारी कोण, तर हा. आणि शत्रू कोण, तर लोकांनी निवडलेली संसद!

२ डिसेंबर १८५१ च्या पहाटे पॅरिसच्या भिंतींवर जाहीरनामे झळकले. संसद बरखास्त. आणि त्याच कागदावर पुढे: सर्व पुरुषांना मताचा हक्क परत. लोकशाही मोडली तीच लोकशाही परत केल्याच्या घोषणेनं! पुढारी अंथरुणातून उचलले गेले होते. दोन दिवसांनी पॅरिसच्या रस्त्यांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. देशभर सव्वीस हजारांवर माणसं पकडली, हजारोंना अल्जीरियात धाडलं. मग महिना संपायच्या आत जनतेला विचारलं: मान्य आहे? सुमारे ७४ लाख ‘हो’, साडेसहा लाखांच्या आत ‘नाही’.

भीतीनं म्हणाले असतील? काही नक्कीच, वर्तमानपत्रांची तोंडं बंद होती, अनेक जिल्ह्यांत लष्करी अंमल होता. पण १८४८ ची मतं तर मोकळेपणानं पडली होती, आणि सगळं भीतीवर ढकलायला तीच आड येतात. वर्षभरात आणखी एक कौल झाला आणि ७८ लाख ‘हो’ घेऊन तो सम्राट तिसरा नेपोलियन झाला.

मे १८७० मधल्या कौलातही ७३ लाख लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले. सप्टेंबरमध्ये सेदानच्या लढाईत तो प्रशियाच्या हाती सापडला आणि दोन दिवसांत साम्राज्य संपलं. पॅरिसमध्ये ते वाचवायला कुणी रस्त्यावर आलं नाही.

राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडायचा धसका मात्र फ्रान्सनं असा घेतला, की १८४८ नंतरची तशी पुढची निवडणूक झाली १९६५ मध्ये.