तांदळाच्या दुधाची मसाला कॉफी : घरी करा, पण उकळू नका

पेडणे : हरमल, मांद्रे, मोरजीकडच्या एखाद्या कॅफेत बसून कॉफी मागितली, की हल्ली आधी प्रश्न येतो, "दूध कुठलं?" गायीचं की म्हशीचं असा त्याचा अर्थ नव्हे. ओटचं, बदामाचं, सोयाचं की नारळाचं, असं विचारायचं असतं. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागल्यापासून ही भाषा किनाऱ्यावरून आत पेडणे बाजारापर्यंत यायला फार वेळ लागलेला नाही. त्यातच मोबाइलवर तांदळाच्या दुधातली मसाला कॉफी करून दाखवणारे व्हिडिओ फिरतात. आमच्या घरी हा विषय निघाला तो मात्र फॅशन म्हणून नव्हे. आईला दूध पचेनासं झालं आणि कॉफी सोडायला ती तयार नाही, एवढंच कारण.

"तांदळाच्या दुधाची कॉफी करून देते," म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पेजच मगो ती!"

पहिल्या दिवशी तिचंच खरं झालं. तांदूळ वाटले, गाळले, गॅसवर ठेवले, सवयीप्रमाणे एक उकळी येऊ दिली आणि पातेल्यात कॉफीच्या रंगाची खळ तयार झाली. चूक कुठे झाली हे समजून घेतल्यावर पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून आधी तेच सांगते.

तांदळाच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट असतं. गार पाण्यात त्याचे बारीक कण नुसते तरंगतात, त्यामुळे पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. पाणी तापून साधारण ६५ ते ७५ अंशांच्या घरात गेलं, की हे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांना चिकटतात. पेज दाट होते ती याच गुणामुळे, आणि पूर्वी कपड्यांना खळ करायचे तीही यामुळेच. गायीच्या दुधात पिष्ट नसतं, म्हणून ते कितीही उकळलं तरी त्याची पेज होत नाही. तांदळाचं दूध आपण गायीच्या दुधासारखं वागवायला जातो आणि फसतो.

मूळ पेय मेक्सिकोतलं, ओर्चाता नावाचं. तिथं ते तांदूळ आणि दालचिनी भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगारच पितात, म्हणून त्यांना ही अडचण येत नाही. त्याचं नाव स्पेनमधून गेलं. स्पेनच्या वालेन्सिया भागात ओर्चाता करतात ती तांदळाची नव्हे, चुफा नावाच्या लहान कंदांची. हे कंद आपल्या नागरमोथ्याच्या जवळच्या नात्यातले. आणि नावाचं मूळ शोधत मागे गेलं तर लॅटिनमधला सातूचा शब्द निघतो. म्हणजे सातू, मग कंद, मग तांदूळ, असं जिथं जे पिकलं ते त्या भांड्यात पडत गेलं. त्यात कॉफी ओतणं ही तर अगदी अलीकडची गोष्ट.

आपल्याकडे तरी यातलं नवीन काय आहे? शिरवाळ्यांबरोबरचा वेलची-गुळाचा नारळरस सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच होतो. मणगण्याला दाटपणा यावा म्हणून तांदूळ वाटून लावतात. धण्या-जिऱ्याचा कषाय गूळ घालून कॉफीसारखाच पितात. जायफळ घातलेली कॉफी तर मराठी घरांत पाहुण्यांसाठी ठेवणीतली. वेगवेगळ्या पातेल्यांतली ही सगळी माणसं एका कपात आणायची, एवढंच काम आहे.

आता कृती. माप चार कपांचं आहे, कप २०० मिलीचा धरा.

तांदूळ १०० ग्रॅम घ्या, म्हणजे लहान वाटीनं साधारण एक वाटी. सुरय घ्यावेत. उकड्या तांदळाचं करून पाहिलं; त्याचा वास कॉफीला खाऊन टाकतो. पेजेला तो वास हवाहवासा, इथं नको. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांकडे बेळगाव बासमती असेल, किंवा आजऱ्याचा घनसाळ मिळत असेल, तर मूठभर तोही मिसळा. पण सगळा सुगंधी तांदूळ घालून पैसे घालवू नका, कॉफीपुढे त्याचं फार चालत नाही. तांदूळ धुऊन, निथळून, कोरडे झाल्यावर मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचे. याने कच्ची चव जाते, खमंगपणा येतो आणि कोरड्या उष्णतेनं पिष्ट थोडं तुटत असल्यामुळे नंतर दाट होण्याची खोडही काहीशी कमी होते. आजारी माणसाला भाजलेल्या तांदळाची पातळ पेज देतात, ती आठवा.

भाजलेले तांदूळ गार करून चार तास पाण्यात भिजवा. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेत तर सकाळी आंबोळीच्या पिठाचा वास येईल, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेलं पाणी ओतून टाका. दुसरीकडे बोटभर दालचिनी मोडून अर्धा कप उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवा.

दालचिनीबद्दल थोडं थांबते. बाजारात जाड, कडक, सालपटासारखी मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया. खरी दालचिनी पातळ, कागदासारखे थर एकात एक गुंडाळलेली आणि बोटांनी सहज मोडणारी. गोव्यात आपण तिला तिखी म्हणतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात दिली आहे. कुणाच्या कुळागरात झाड असेल तर शेजाऱ्याला दोन साली मागायला लाजू नका. फरक फक्त चवीचा नाही. कॅसियात कुमारिन हे द्रव्य जास्त असतं आणि रोज भरपूर पोटात गेलं तर ते यकृताला त्रास देऊ शकतं. अधूनमधून एखाद्या कपानं काही होत नाही, पण रोजचं पेय करायचं ठरवलंत तर साल बघून घ्या.

आता तांदूळ, दालचिनीचं गार झालेलं पाणी (साल काढून टाकलेलं) आणि चार वेलच्यांचे दाणे मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा. मग उकळून गार केलेलं साडेतीन कप पाणी थोडंथोडं घालत पुन्हा फिरवा. चहाच्या गाळणीनं गाळू नका, कॉफीच्या तळाला रवा लागेल. जुन्या धुवट सुती कापडातून गाळा, पण पिळू नका. गाळलेलं पाणी अर्धा तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवलं, की तळाला पांढरा साका बसतो. वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि साका तसाच ठेवायचा. खळ होते ती मुख्यतः या साक्यामुळे, त्यामुळे ही पायरी गाळायची नाही.

हे दूध पातळ असतं. तोंडात भरल्यासारखं वाटावं म्हणून अर्धा कप नारळाचा पहिला घट्ट रस आणि मिठाची कणी घाला. गोडीसाठी माडाचा काळा गूळ मिळाला तर उत्तम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो. त्याची किंचित जळकी चव कॉफीशी चांगली जमते. नाहीतर साधा गूळ. गूळ वेगळा थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घाला.

कॉफीसाठी चार चमचे फिल्टर कॉफीची पूड, वर एक कप कडक गरम पाणी. स्टीलचा फिल्टर असेल तर वीस मिनिटांत काढा खाली उतरतो. फिल्टर नसेल तर भांड्यात पाच मिनिटं झाकून ठेवून कापडातून गाळा. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. इथं थोडी चिकोरी असलेली पूड चालते, कारण पातळ दुधात तिचा रंग आणि दाटपणा उपयोगी पडतो.

थंड प्यायची असेल तर काम झालं : पाऊण ग्लास तांदळाचं दूध, वर काढा, बर्फ, किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. जायफळ दोनदाच, जास्त झालं की कॉफी पिऊन झोप येते.

गरम हवी असेल तर तांदळाचं दूध पातेल्यात घालून अगदी मंद आचेवर सतत ढवळा. कड सुटल्यासारखी वाफ दिसली आणि बोट घातल्यावर जेमतेम सोसवलं, की लगेच उतरवा. चमच्याच्या पाठीवर थर धरायला लागला तर समजा उशीर झाला. उरलेला गरमपणा काढ्यातून येऊ द्या. काढा कपात आधी ओता आणि दूध नंतर. जास्त तापलं की नारळाचा रसही फुटतो, म्हणजे एका चुकीत दोन नुकसानं.

दूध न उकळल्यामुळे एक गोष्ट मात्र पाळावीच लागते. तांदळात असणारे काही जिवाणू एवढ्याशा उबेनं मरत नाहीत आणि आपल्या हवेत बाहेर राहिलेलं तांदळाचं पाणी व नारळाचा रस दोन्ही लवकर बिघडतात. तेव्हा केलं की फ्रिजमध्ये ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. घरात गरोदर बाई किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर त्यांच्यासाठी सरळ उकळा. फक्त पाणी दुप्पट घाला, ढवळत राहा, नारळाचा रस आच बंद केल्यावर घाला. ती कॉफी तिझनासारखी दाटसर होईल. चमच्यानं खाल्लीत तरी बिघडत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. याला आपण दूध म्हणतो, पण हे दूध नव्हे. २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरण वनस्पतीजन्य पेयांवर 'दूध' असा शब्द छापू देत नाही. नारळाच्या दुधाला तेवढी सवलत आहे. हा नियम कंपन्यांच्या भांडणातून आला असं कुणी म्हणेल, पण आकडे पाहा. १०० ग्रॅम तांदळात प्रथिनं ७ ग्रॅमच्या आसपास. ती चार कपांत वाटली, त्यातली बरीच गाळात आणि साक्यात राहिली, तर एका कपात दोन ग्रॅमसुद्धा येत नाहीत. गायीच्या दुधाच्या कपात सहा ग्रॅम असतात. कॅल्शियम तर जवळजवळ नाहीच. लहान मुलाला दूध पचत नाही म्हणून रोज हे द्यायचं असं कुणी ठरवू नये. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाची पेयं देऊच नका म्हणते, कारण तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक शोषून घेतो. मुलाच्या कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट साखरेची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. आमच्या घरातली ती एक आई. गूळ न घालता केलेली ही कॉफी मी तिला आठवडाभर दिवसातून तीनदा बिनधास्त दिली. बिनसाखरेची आहे ना, मग काय झालं! मग एका दुपारी कॉफीनंतर दोन तासांनी तिची साखर मशीनवर तपासली आणि आकडा पाहून मी पातेलं बाजूला ठेवलं. वाटलेल्या, गाळलेल्या तांदळाचं पिष्ट झटकन पचतं आणि रक्तात साखर होऊन उतरतं. वरून गूळ घातला नाही म्हणून तांदूळ तांदूळ राहायचा थोडाच थांबतो? भाताचा घास मोजणारी मी, तोच भात कपातून देत होते.

डॉक्टरांनी समजावलं की दूध न पचणं म्हणजे बहुधा दुधातली साखर, लॅक्टोज, न पचणं. अशा माणसाला घरचं आंबवलेलं दही पुष्कळदा चालतं आणि चमचा-दोन चमचे दूधही चालू शकतं. दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. तिथं थेंबही नको. तेव्हा आधी आपल्याला दोन्हींपैकी काय आहे ते विचारून घ्यावं, आणि मग तांदूळ भिजत घालावेत.

आता आई सकाळी जायफळ घातलेला काळा काढा दोन चमचे नारळाच्या रसाबरोबर घेते. तांदळाची कॉफी रविवारी, लहान कपात, आणि त्या दिवशी जेवणात भात एक डाव कमी. तिला तीच थंड आवडते, मला गरम. आणि तळाला राहिलेल्या साक्यात मूठभर तांदळाचं पीठ व मीठ घालून सोमवारी सकाळी घावणे होतात. भाजलेल्या तांदळामुळे त्यांना जाळी कमी पडते, पण दालचिनीचा पुसट वास येतो आणि घरातली मुलं ते आधी उचलतात.