दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येतो का? गुरुजींना माहीत हवीत अशी शिक्षण हक्क कायद्याची कलमे

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागड परिसरातली एक दहा वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये गावच्या जिल्हा परिषद शाळेत आली. आश्रमशाळा तिने मध्येच सोडली आहे. हातात ना शाळा सोडल्याचा दाखला, ना जन्मदाखला. घरी माडिया बोलतात, मराठी तिला जेमतेम कळते. तिला प्रवेश द्यायचा का? आणि कितवीत?

कायद्याचे उत्तर सरळ आहे : द्यायचा, आणि लगेच. पण हे उत्तर समोर बसलेल्या शिक्षकाला माहीत नसेल, तर ‘आधी दाखला घेऊन या’ एवढ्या एका वाक्याने तिचे वर्ष जाऊ शकते.

आरटीई म्हणजे फक्त 25 टक्के नव्हे

‘आरटीई’ म्हटले की अनेकांना खासगी शाळांतले 25 टक्के प्रवेश आणि ऑनलाइन सोडत आठवते. जिल्हा परिषद शाळेला ते कलम लागूच होत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्यातली तिच्या कामाची कलमे वेगळीच आहेत :

• कलम 14 : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतली किंवा दवाखान्यातली नोंद चालते. तीही नसेल तर पालकांनी लिहून दिलेले वय चालते.

• कलम 5 : आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबत नाही. उलट, दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

• कलम 15 : प्रवेशाची मुदत संपली, हे कारण चालत नाही.

• कलम 4 : मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवणे म्हणजे तिला पुन्हा शाळेबाहेर ढकलणे.

• कलम 29 : शक्य असेल तिथे शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे. माडिया बोलणाऱ्या मुलांना मराठी पुस्तकातला धडा त्यांच्या भाषेतून समजावून सांगणे ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, कायद्याची अपेक्षा आहे.

अर्धवट माहितीचा धोका

‘आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही’ हे वाक्य आजही ऐकू येते. पण 2019 मध्ये कलम 16 बदलले आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी द्यावीच लागते. त्यानंतरही तो नापास झाला, तर त्याच वर्गात ठेवता येते. शाळेतून मात्र काढता येत नाही. यातला पहिला भाग माहीत नसेल तर पालकांची फसगत होते, शेवटचा माहीत नसेल तर मुलाची.

हा कायदा शिक्षकाच्याही बाजूचा आहे

पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. कलम 25 नुसार एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येत नाही. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेरच्या कामाला गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात. कलम माहीत असलेला शिक्षक निदान लेखी विचारू शकतो : हे काम कोणत्या नियमाखाली?

मग माहिती का नसते?

एक कारण परीक्षेतच दिसते. महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) पहिल्या पेपरात 150 गुण असतात : बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30. शिक्षण कायद्याचा स्वतंत्र विभाग नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. ही पात्रतेची अट याच कायद्याच्या कलम 23 मधून आली आहे. म्हणजे कायद्यामुळे परीक्षा द्यायची, पण परीक्षेत त्या कायद्याला स्वतंत्र जागा नाही.

दुसरे कारण रोजचे आहे. शाळेपर्यंत पोचते ते परिपत्रक आणि शासन निर्णय, तेही बहुधा व्हॉट्सॲप गटावर. त्यातून माहिती कोणत्या तारखेपर्यंत भरायची ते कळते. मुलाचा हक्क काय, ते कळतेच असे नाही.

तुम्ही काय करू शकता?

प्रवेश नाकारला गेला तर कारण लेखी मागा. विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तरीही प्रश्न सुटला नाही, तर कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

आणि ओळखीत कुणी गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांना ही पाच कलमे जरूर पाठवा : 4, 5, 14, 15 आणि 29. पुढच्या वेळी कुणी दाखल्याविना शाळेच्या दारात उभे राहिले, तर ती उपयोगी पडतील.