जुनी चेसी, नवी काया

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मनुष्य आधी एसटीत बसतो आणि पुढे योग असलाच तर आगगाडीचे तोंड पाहतो. वणीकडचा कोपरा वगळला तर रुळांनी या मुलखाला फारसे जवळ केले नाही. विलायती कंपनीच्या मालकीच्या अरुंद रुळांवरून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला रमतगमत जाणारी शकुंतला थांबली, आणि वर्ध्याहून निघालेला मोठा रूळ कळंबपर्यंत पोचायला २०२४ साल उजाडले. तोवर पुसद, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा येथील रयतेची कोर्टकचेरी, दवाखाना, बाजारहाट आणि सोयरीक, हा सारा व्यवहार ज्या एका वाहनाच्या भरवशावर चालला, ते वाहन म्हणजे हा लाल डबा.

त्याचा जन्म मात्र वऱ्हाडातला नव्हे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड बनावटीची, तीस आसनांची. किसन राऊत हे तिचे चालक व लक्ष्मण केवटे हे वाहक. त्या समयी यवतमाळ मध्य प्रांत-वऱ्हाडच्या दप्तरात होते, आणि पैनगंगेपलीकडे ज्या निजामाचा अंमल होता, त्याच्या रेल्वे खात्याने तर १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केलेली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ व मराठवाडा मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि पुढच्याच वर्षी या निरनिराळ्या सेवा एका महामंडळाच्या छत्राखाली एकवटल्या.

निजामाच्या त्या ताफ्यातील एक आल्बियन गाडी हैदराबादच्या बसभवनात आजही जतन केलेली आहे. पॅरिसकरांची ममता त्याहून उत्कट. रेनॉ कंपनीच्या ज्या बसगाड्या १९३० च्या दशकात त्या नगरीत आल्या, ज्यांच्या पाठीमागच्या उघड्या सज्जात उभे राहून उतारू रस्त्याची मौज पाहत, आणि ज्यांचा तेथील नित्य रहदारीशी संबंध १९७१ साली संपला, त्या गाड्या तेथील शौकिनांनी मूळच्या हिरव्या व पिवळसर रंगासह पुन्हा उभ्या केल्या. त्यांच्या लेखी जीर्णोद्धार म्हणजे यंत्राला त्याच्या एका विवक्षित दिवसाकडे परत नेणे. ही उपासना मला मनापासून आवडते, परंतु ती ज्याला सवड आहे त्याची.

आमच्या एसटीला सवड कधीच नव्हती. म्हणून तिचा जीर्णोद्धार निराळा. नागपूरजवळ हिंगणा येथे महामंडळाची कार्यशाळा आहे. जी गाडी अंगाने खिळखिळी झाली पण जिची चेसी अद्याप धडधाकट आहे, अशा गाडीची अ‍ॅल्युमिनियमची काया तेथे उतरवली जाते. रिबिटांची डोकी उडवून पत्रे सुटे केले, खिडक्या, बाके, छप्पर बाजूस काढले की उरतात दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांच्या आधाराने बसलेली यंत्रसामग्री. सोललेल्या अवस्थेतील ती गाडी पाहताना कोणाही भाविक प्रवाशास संकोच वाटेल! मग पोलादी चौकोनी नळ्यांचा पिंजरा त्या तुळयांवर वेल्डिंगने उभा राहतो व त्यावर पोलादी पत्रा चढतो. अ‍ॅल्युमिनियम हलके खरे, पण टक्कर झाली की पत्रा फाटून त्याच्या धारा उतारूंच्याच अंगावर येतात. पोलादाने वजन वाढते, तरी जीव वाचण्याची आशाही वाढते, आणि या हिशेबात मी पोलादाच्या बाजूचा आहे.

या व्यवस्थेत जुनी गाडी म्हणून काही उरत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. काया गेली, मुदत भरताच चेसीही मोडीत निघून लिलावात गेली, आणि तरीही दिग्रसची गाडी फलाटावर लागलेलीच असते.

बालपणी दारव्ह्याच्या वाटेवर मी वाहकाशेजारच्या बाकावर बसलो होतो. छपराखालून चालकाच्या कानापर्यंत एक दोरी गेलेली असे. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. तिकिटांची पत्र्याची पेटी मांडीवर सावरीत वाहकाने मला उचलून धरले आणि म्हटले, “ओढ रे बाबू, दोनदा!” मी ओढली, घंटी वाजली, एवढी मोठी गाडी माझ्या हुकुमाने हलली.

मागल्या उन्हाळ्यात अशाच एका नव्याने बांधलेल्या गाडीत बसलो, तेव्हा रंगाचा वास अजून पुरता गेला नव्हता. मी प्रथम वर पाहिले. दोरी होती. सगळी पांढरीशुभ्र, फक्त वाहकाचा हात पोचतो तेवढ्या वीतभर जागी काळवंडलेली.